नदी, विहीर आणि जलाशय : मोकळ्या पाण्यात पोहताना

जलतरण तलाव सोडून नदी, तळे किंवा समुद्रात पोहण्याचा छंद युरोपात चांगलाच रुजला आहे. मराठवाड्याला मात्र त्यात नवे काही नाही. दोन पिढ्यांपूर्वी नांदेड-लातूरकडची मुले पोहायला शिकत ती विहिरीतच. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ठोकळा बांधायचा, कमरेच्या दोराचे टोक काठावरच्या थोरल्याच्या हाती द्यायचे आणि उडी घ्यायची. पुढे भोपळ्याची जागा पत्र्याच्या डब्याने आणि ट्यूबने घेतली. दोर धरणारा माणूस मात्र कायम राहिला. आज हौसेने मोकळ्या पाण्यात उतरणाऱ्यांजवळ नेमका तोच नसतो.

विहिरीला प्रवाह नसतो, ही तिची जमेची बाजू. पण ती काठापासूनच खोल असते. उतरण्यापूर्वी चढून येण्याच्या पायऱ्या शाबूत आहेत का, हे पाहावे आणि पाण्यातील मोटारीचा वीजपुरवठा मुख्य कळीपासून बंद करून घ्यावा. ओल्या विहिरीत उतरलेला विजेचा प्रवाह दिसत नाही. वापरात नसलेल्या विहिरीच्या तळाशी विषारी वायू साचलेला असू शकतो, तेथे जाऊच नये. उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट आणि खालचे थंडगार असते. सूर मारून एकदम खोल गेल्यास श्वास अडखळतो. म्हणून पहिल्यांदा पायऱ्यांनी सावकाश उतरणे इष्ट.

नांदेडची गोष्ट गोदावरीची. शहराच्या वरच्या अंगाला, असर्जनजवळ विष्णुपुरी प्रकल्पाचा शंकरसागर जलाशय आहे, तर खाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. या महिन्यांत नदी वाहती, गढूळ आणि बेभरवशाची असते. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की पातळी झपाट्याने वाढते. तेव्हा पोहण्याचा विचार पावसाळा सरल्यावरच करावा.

पाण्याच्या स्वच्छतेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. आंघोळीयोग्य पाण्यात जैविक प्राणवायूची मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय निकष आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत गोदावरीचा समावेश होता. नगिना घाटावर श्रद्धेने डुबकी घेणे वेगळे आणि व्यायाम म्हणून अर्धा तास तोंड पाण्यात घालून हात मारणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी शहरातील पात्र सोडून द्यावे, हेच शहाणपणाचे. अंगावर उघडी जखम असेल तर कोठेच उतरू नये.

नदीतील दुसरा धोका वाळूउपशाचा. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचे पाऊल दोन पुरुष खोल खड्ड्यात पडते. गेल्या वर्षी ओळखीची असलेली जागा यंदा तशीच असेल, असे मानू नये. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांखालचे फेसाळ पाणी उथळ दिसते. पण ते माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. नांदेड-यवतमाळच्या सीमेवरील पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा काठावरूनच पाहावा.

लातूरकरांना पोहण्यापूर्वी पाणी आहे का, हेच आधी विचारावे लागते. मांजरा आटल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पहिले पाच लाख लिटर पाणी आले, ते शहर विसरलेले नाही. धनेगावचे मांजरा धरण लातूरची तहान भागवते आणि विष्णुपुरी नांदेडची. त्यामुळे धरणाची भिंत, दरवाजे आणि उपसा पंपांचा परिसर वर्ज्य मानावा. पाटबंधारे खात्याची मनाई असेल तेथे हौस आवरावी. साबण, तेल तर नकोच. पाणी ओसरलेल्या काठावरचा काळ्या मातीचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय आत खेचतो. उतरण्यासाठी मुरमाड काठ निवडावा, जलपर्णीपासून दूर राहावे आणि काठाला समांतर पोहावे. वाहत्या पाण्यात आधी प्रवाहाविरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतीची वाट सोपी होते. कमरेला भडक नारिंगी तरंगता फुगा बांधला की काठावरून माणूस दिसत राहतो. जुन्या भोपळ्याचाच हा नवा अवतार म्हणायचा.

कोणी बुडू लागल्यास मागोमाग उडी घेऊ नये. एकामागून एक सगळे भाऊ गेल्याच्या बातम्या याच चुकीतून येतात. दोर, धोतर, साडी, बांबू, रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबण्याची पद्धत घातक आहे. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग ३० वेळा छाती दाबून २ श्वास, हा क्रम चालू ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.