तपास कोणाकडे? एटीएस, एनआयए आणि बारगळलेले एनसीटीसी

8 सप्टेंबर 2006. शब-ए-बरात आणि जुमा एकाच दिवशी आलेले. मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात नमाजनंतर स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. तपास आधी महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने म्हणजे एटीएसने केला आणि नऊ मुस्लिम आरोपी ठरवले. मग प्रकरण सीबीआयकडे गेले. तिनेही तीच गोष्ट पुढे चालवली. 2011 मध्ये फाईल एनआयएकडे, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे आली. 2013 मध्ये या तिसऱ्या यंत्रणेने भलत्याच लोकांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. पहिल्या नऊपैकी एकाचे दरम्यान निधन झाले होते. उरलेल्या आठ जणांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने 25 एप्रिल 2016 रोजी आरोपमुक्त केले.

गुन्हा एक आणि यंत्रणा तीन. अशी बातमी आली की आपल्याकडे "पोलिसांनी उचललं" एवढंच बोललं जातं. कोणत्या पोलिसांनी, हे क्वचितच विचारलं जातं. पण वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. म्हणून ही यंत्रणा कशी उभी राहिली आणि दिल्लीत तिच्यावरून कोणत्या मंत्रालयांत ओढाताण झाली, ते इथे एकत्र देत आहोत.

कोण कोणाच्या हाताखाली

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांना सातवी अनुसूची शिकवतो तेव्हा वर्ग पेंगत असतो. पण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतले विषय आहेत. त्यामुळे 2004 मध्ये स्थापन झालेली आपली एटीएस मुंबईच्या गृह खात्याला जबाबदार आहे, दिल्लीला नाही.

दिल्लीत मात्र एकच घर आणि चुली अनेक. इंटेलिजन्स ब्युरो म्हणजे आयबी गृह मंत्रालयाकडे. 1968 मध्ये तिच्यातूनच वेगळी झालेली रॉ कॅबिनेट सचिवालयामार्फत थेट पंतप्रधानांकडे. सीबीआय कार्मिक मंत्रालयाकडे. पैशांचा माग काढणारी ईडी वित्त मंत्रालयाकडे आणि लष्करी गुप्तवार्ता संरक्षण मंत्रालयाकडे. प्रत्येकाचे अधिकारी वेगळे, बजेट वेगळे. हाती आलेली खबर शेजाऱ्याला दिली तर श्रेय त्याचे, आणि दिली नाही तर जाब विचारणारे कोणी नाही.

कारगिल युद्धानंतर मंत्रिगटाने 2001 मध्ये यावर उपाय सुचवला. आयबीमध्येच एक मल्टी एजन्सी सेंटर काढायचे आणि सगळ्यांनी खबरी तिथे आणायच्या. सेंटर निघाले, पण भांडे अर्धेच भरत राहिले. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला. तशा हल्ल्याचे इशारे आधी आले होते, हे राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही नोंदवले. एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे त्या रात्री मारले गेले. केंद्रात शिवराज पाटील आणि राज्यात आर. आर. पाटील या दोघांनाही गृह खाते सोडावे लागले.

महिन्याभरात कायदा

नवे गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी डिसेंबर 2008 मध्येच दोन कायदे संसदेतून पार केले: एनआयए कायदा आणि यूएपीएची दुरुस्ती. एनआयएला सीबीआयसारखी राज्याची संमती लागत नाही. राज्याने गुन्ह्याचा अहवाल पाठवायचा, केंद्राने पंधरा दिवसांत ठरवायचे, आणि केंद्राला वाटले तर राज्याने न मागताही तपास घेता येतो. 2008 संपता संपता निघालेल्या आदेशाने मल्टी एजन्सी सेंटरला माहिती देणे सगळ्यांना बंधनकारक केले.

चिदंबरम एवढ्यावर थांबले नाहीत. डिसेंबर 2009 मधल्या एका व्याख्यानात त्यांनी मोठा आराखडा मांडला. त्यात एनसीटीसी नावाचे राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र होते. एनआयए, एनएसजी, एनटीआरओ त्याच्या छत्राखाली येणार होत्या आणि रॉचेही काही काम त्याला जोडायचे होते. सोबत नॅटग्रिड, म्हणजे बँक, रेल्वे, विमान प्रवास, फोन यांसारखे 21 माहितीसाठे एकमेकांना जोडणारे जाळे.

इथे खरी मंत्रालयांची लढाई सुरू झाली. एनटीआरओ आणि रॉ पंतप्रधानांच्या अखत्यारीतल्या, त्या गृह मंत्रालयाच्या छत्राखाली कशा द्यायच्या? नॅटग्रिडवर मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीतच शंका निघाल्या आणि तत्त्वतः मंजुरी मिळायला जून 2011 उजाडला. लोकांच्या खासगीपणाचा मुद्दा त्या वेळी सरकारच्या आतूनच पुढे आला. आम्हाला तो रास्त वाटतो. पण तो मांडणाऱ्या मंत्रालयांना स्वतःच्या चाव्याही सोडायच्या नव्हत्या, असेही आमचे मत आहे.

शेवटी एनसीटीसी लहान करून 3 फेब्रुवारी 2012 च्या आदेशाने थेट आयबीमध्ये बसवले गेले. 1 मार्चपासून काम सुरू होणार होते. पण आदेशात अटक आणि झडतीचे अधिकारही होते. नवीन पटनायक, ममता बॅनर्जी, जयललिता, नितीश कुमार आणि तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री असलेले नरेंद्र मोदी हे सगळे एका सुरात विरोधात गेले.

त्यांचा राजकीय हिशेब काहीही असो, मुद्दा भक्कम होता. आयबी संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली नाही. ती गुपचूप काम करते आणि न्यायालयात उभी राहत नाही. अशा संस्थेला बेड्या ठोकण्याचा अधिकार दिला तर जाब कोणाला विचारायचा? ज्या अमेरिकेच्या नमुन्यावर हे केंद्र बेतले होते, तिथल्या एनसीटीसीलाही अटकेचा अधिकार नाही. ती माहिती एकत्र करून तपासते, अटक एफबीआय करते. माहिती एका ताटात आणणे वेगळे आणि माणूस उचलणे वेगळे. या दोन गोष्टी एकत्र कालवल्या म्हणून चांगला भागही बुडाला, असे आम्हाला वाटते. पुढे सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री झाले. त्यांनी केंद्र आयबीबाहेर काढण्याची तयारी दाखवली, पण जून 2013 च्या मुख्यमंत्र्यांच्या बैठकीतही एकमत झाले नाही. तो विषय तिथेच बारगळला.

एनआयए मात्र वाढत गेली. 2019 च्या दुरुस्तीने मानवी तस्करी, सायबर दहशतवाद हेही तिच्याकडे आले. केंद्र-राज्य ओढाताण थांबलेली नाही. एल्गार परिषद प्रकरण पुणे पोलिसांकडे होते. राज्यात नवे सरकार आल्यावर त्याचा फेरआढावा घेण्याची भाषा सुरू झाली आणि जानेवारी 2020 मध्ये केंद्राने ते एनआयएकडे दिले. तेव्हाच्या राज्याच्या गृहमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, पण कायद्यासमोर नाराजीचा उपयोग नव्हता.

फाईल हलली की गोष्टही हलते. मालेगावचाच 29 सप्टेंबर 2008 चा भिक्कू चौकातला स्फोट घ्या. सहा जण गेले. एटीएसने प्रज्ञासिंह ठाकूर, कर्नल पुरोहित यांच्यासह काहींना आरोपी केले. 2011 मध्ये प्रकरण एनआयएकडे गेले. 2016 मध्ये एनआयएने ठाकूर यांच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचे सांगितले, तरी न्यायालयाने खटला चालवला. 31 जुलै 2025 रोजी सातही जण निर्दोष सुटले. त्याच्या दहाच दिवस आधी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल रेल्वे स्फोटांतील बाराही जणांना सोडले होते. त्या निकालाचा दाखला म्हणून वापर करण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. बेगुनाह म्हणून बाहेर आलेल्यांची तारुण्याची वर्षे गेली. आणि ज्यांच्या घरातले माणूस स्फोटात गेले, त्यांना गुन्हेगार कोण हे आजही कोणी सांगितलेले नाही.

घरात माहीत असावे असे

नोटीस आली किंवा कोणाला नेले, तर कागदावर तीन गोष्टी बघा: यंत्रणा कोणती, कलमे कोणती आणि न्यायालय कोणते. साक्षीदार म्हणून बोलावणे आणि अटक या वेगळ्या गोष्टी आहेत. अटक झाली तर घरच्यांना कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत न्यायालयासमोर उभे करणे बंधनकारक आहे, यंत्रणा कोणतीही असो. यूएपीएतही अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात स्पष्ट केले. तो कागद मागून घ्या, जपून ठेवा.

यूएपीएत आरोपपत्राविना कोठडी 90 ऐवजी 180 दिवसांपर्यंत वाढू शकते आणि कलम 43ड मुळे जामीन अवघड होतो. पण ही मुदतवाढ कोणीही द्यावी असे नाही. जिथे एनआयए कायद्याखालचे विशेष न्यायालय आहे, तिथे तपास राज्य पोलिसांकडे असला तरी मुदत वाढवण्याचा अधिकार त्याच न्यायालयाला आहे, साध्या मॅजिस्ट्रेटला नाही. 2020 च्या बिक्रमजीत सिंग निकालात हे ठरले. मुदत चुकली तर जामिनाचा अर्ज लगेच, आरोपपत्र येण्याच्या आत करावा लागतो. नंतर तो हक्क जातो. खटला वर्षानुवर्षे रखडला तर 2021 च्या के. ए. नजीब निकालाचा आधार घेता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.