लिओनार्दोची द्राक्षबाग

वाइनच्या बाटलीवर रेनेसाँ काळातलं भित्तिचित्र छापलं, की बाटलीचा रुबाब वाढतो. मिलान शहरात मात्र चित्र आणि द्राक्षं यांचं नातं लेबलापुरतं नाही.

१४९५ ते १४९८ च्या सुमारास लिओनार्दो द विंची तिथल्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहात ‘द लास्ट सपर’ रंगवत होता. ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवण्याची रीत त्याच्या सावकाश हाताला मानवेना. त्याने कोरड्या भिंतीवर काम केलं आणि रंग त्याच्या हयातीतच सुटू लागले. ड्यूक लुदोविको स्फोर्झाने त्याला बक्षीस दिली ती मठाजवळचीच द्राक्षबाग. लिओनार्दोच्या १५१९ मधल्या मृत्युपत्रात तिचे दोन वाटे झाले: एक शिष्य सालाईला, दुसरा सेवक बातिस्ताला.

१९४३ च्या बॉम्बहल्ल्यात भोजनगृह ढासळलं. वाळूच्या पोत्यांआडची चित्राची भिंत उभी राहिली. बाग मात्र बांधकामं आणि युद्धाच्या रेट्यात नाहीशी झाली.

पुढे संशोधकांनी माती खणून जुन्या मुळांचे अवशेष शोधले. डीएनए तपासणीत वाण निघालं ‘माल्वाझिया दी कांदिया आरोमातिका’. २०१५ मध्ये तेच वाण त्याच जागी पुन्हा लावलं गेलं. २०१८ मध्ये तिथे पहिली द्राक्षं तोडली गेली.