लोणच्याचा जलप्रवास

इ. स. १६१६ मध्ये जपानातील हिराडो बंदरात ईस्ट इंडिया कंपनीची एक वखार होती आणि रिचर्ड कॉक्स हा तिचा प्रमुख होता. कॉक्स नित्यनेमाने रोजनिशी लिहीत असे. तीत एके दिवशीची नोंद अशी आहे की, वखारीच्या दुभाष्याची बायको भेटीस आली. नवरा औषध घेत असल्यामुळे कामावर येऊ शकला नाही, त्याबद्दल तिने क्षमा मागितली, आणि भेट म्हणून ‘आचार’ची एक लहानशी बरणी पुढे केली.

नोंद क्षुल्लक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तीत बरेच काही सापडते. स्थळ जपान, लिहिणारा इंग्रज, दुभाष्याला त्याने लावलेले नाव मलायी भाषेतले, आणि बरणीतल्या पदार्थाचे नाव फारसीतून हिंदुस्थानात रुळलेले! आचार म्हणजे काय, हे सांगण्याची गरज कॉक्सला वाटलेली नाही. पूर्वेच्या समुद्रावर फिरणाऱ्या कोणालाही तो शब्द त्या काळी ठाऊक असला पाहिजे. आजही मलाया-इंडोनेशियात ‘आचार’, डच घरांत ‘आत्यार’ आणि मॉरिशस-रियुनियन बेटांवरील फ्रेंच बोलणाऱ्यांत ‘आशार’ अशी त्याची रूपे ऐकू येतात. मराठीने मात्र हा शब्द जवळ केला नाही. आपले लोणचे हे ‘लवण’ या शब्दापासून निघालेले. पदार्थ टिकवतो कोण, तर मीठ. तेव्हा नावाचा मान मिठाला, असा हा सरळ हिशेब आहे.

आपल्या किनाऱ्यावरचा एक जुना उल्लेख गोव्याचा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात अनेक वर्षे राहिला आणि येथील औषधी वनस्पतींविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात तो सांगतो की, येथील लोक कोवळा बिब्बा मिठात घालून ठेवतात, त्याला आचार म्हणतात, आणि आपल्याकडे ऑलिव्ह विकावे तसा तो बाजारात विकला जातो. अंगावर बिब्बा उतल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे वाचून नवल वाटेल. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, लोणचे ही त्या काळीही निव्वळ घरची वस्तू नव्हती. ती बाजारात मांडली जात होती आणि तिला गिऱ्हाईक होते.

त्या गिऱ्हाइकांत खलाशी मोठे होते. गोव्याहून लिस्बनला पोहोचण्यास अनुकूल वारा असला तरी सहा-सहा महिने लागत. इतक्या अवधीत ताजे असे जहाजावर काही उरत नसे. भरपूर मीठ, वर तेलाचा थर आणि फळाचा स्वतःचा आंबटपणा या तिघांपुढे कुजविणाऱ्या जंतूंचे फारसे चालत नाही, हे शास्त्र पुढे कळले. घरच्या बायकांना ते हाताने ठाऊक होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्द्याने आपल्या प्रवासवर्णनात बांबूच्या कोंबांचे आणि आंब्याचे आचार हे दोन प्रकार सर्वांत अधिक खपतात, अशी नोंद केली आहे. त्यातले आंब्याचे लोणचे पुढे इंग्लंडात जाऊन पोहोचले, आणि येथून या कथेला वेगळे वळण लागते.

इंग्लंडात आंबा पोहोचला तो फळ म्हणून पोहोचलाच नाही. पिकलेले फळ वाटेतच नासून जाई. पोहोचे ती बरणी. त्यामुळे ‘मँगो’ हे एका झाडाच्या फळाचे नाव आहे हे सामान्य इंग्रजाच्या ध्यानी आले नाही. ते खारवण्याच्या एका रीतीचे नाव आहे असे तो समजला. मग काकडीचा ‘मँगो’ झाला, खरबुजाचा झाला, पीच फळाचाही झाला. आत मसाला भरून शिरक्यात बुडविले की झाला मँगो! हा गैरसमज अटलांटिक ओलांडून अमेरिकेतही गेला. ओहायो, इंडियाना या भागांतील जुनी माणसे ढोबळ्या मिरचीला ‘मँगो’ म्हणत, कारण ती मसाला भरून मुरवीत असत.

असेच दुसरे उदाहरण ‘पिकलिली’चे. लेडी ॲन ब्लेन्को या इंग्रज गृहिणीच्या १६९४ च्या हस्तलिखित वहीत ‘हिंदी लोणचे’ म्हणून त्याची कृती सापडते. हॅना ग्लास हिच्या सुप्रसिद्ध पाकशास्त्राच्या १७५८ च्या आवृत्तीतही ती आली आहे. हळद राहिली, मोहरी राहिली. तेल मात्र गेले आणि त्याच्या जागी शिरका आला. कैरीऐवजी फुलकोबी आणि कांदे आले. नावापुढे ‘हिंदी’ हे विशेषण काही काळ टिकले आणि मग तेही गळाले. माल गेला, त्याच्या पाठोपाठ कृती गेली आणि कृती पोहोचल्यावर मालाची निकड कमी झाली. लोणच्याच्या जागतिक व्यापाराचा इतिहास चाळताना हीच गोष्ट मला पुनःपुन्हा भेटते. जो बरणी भरतो आणि तिच्यावर नाव चिकटवतो, त्याच्याकडे पैका जातो. पिकवणारा आणि पहिल्यांदा घालणारा मागे राहतो.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या पेढ्यांनी लोणचे कारखान्यात घालावयास प्रारंभ केला. आता गिऱ्हाईक आणि लोणचे घालणारा यांची ओळख उरली नाही, आणि ओळख गेली की डोळ्यांवर विसंबावे लागते. लोणचे हिरवेगार दिसावे म्हणून शिरका तांब्याच्या भांड्यांत उकळण्याची पद्धत होती. त्याने हिरवा रंग खुले आणि तांब्याचे विष बरणीत उतरे. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी १८५० नंतरच्या वर्षांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठी लंडनच्या दुकानांतील खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा कित्येक लोणच्यांत तांबे आढळले. १८५५ च्या संसदीय चौकशीपुढे एका नामांकित पेढीच्या मालकाने सांगितले की, आपण तांबे सोडले खरे. पण लोणचे तपकिरी दिसू लागताच प्रारंभी गिऱ्हाईकच कुरकुरले. फसविणारा आणि फसणारा यांची ही भागीदारी मोठी जुनी दिसते.

याच अविश्वासातून अमेरिकेत हेन्री हाइन्झ यांनी आपला धंदा उभा केला. १८६९ मध्ये त्यांनी आरंभ केला तो किसलेल्या तिखट मुळांपासून. इतर विक्रेते रंगीत काचेच्या बाटल्या वापरीत आणि आतली भेसळ झाकीत. हाइन्झ यांनी स्वच्छ पारदर्शक काच घेतली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांचे दालन वरच्या मजल्यावर पडले आणि जिना चढून तेथे कोणी येईना. तेव्हा त्यांनी वर येणाऱ्याला हिरव्या काकडीच्या आकाराचे एक चिमुकले पदक फुकट देण्यास सुरुवात केली, आणि दालनात गर्दी लोटली. लोणचे खपविण्यासाठी लोणच्याच्या आकाराचे पदक फुकट वाटले, हा मला तरी आधुनिक व्यापाराचा आरंभ वाटतो.

आपल्याकडील लोणचे या सुमारास निराळ्या मार्गाने जगभर पसरत होते. ते माणसांबरोबर गेले. १८३४ पासून मॉरिशसला आणि १८६० पासून दक्षिण आफ्रिकेतील नाताळला गिरमिटी मजूर जाऊ लागले. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. या लोकांनी लोणचे विकावयाला नेले नव्हते. तोंडी लावायला काही असावे, एवढाच हेतू होता. तथापि दक्षिण आफ्रिकेत आज आंब्याचे आचार हे काळ्या वस्त्यांतील पावाबरोबरचे रोजचे खाणे झाले आहे, आणि तेथील कच्च्या आंब्याचा मोठा वाटा त्यासाठीच लागतो. व्यापाऱ्यांच्या जाहिरातींना जे साधले नसते, ते मजुरांच्या शिदोरीने साधले. इकडे मुंबईत गिरगावात १९१० साली बेडेकरांचे दुकान निघाले. पुढे त्यांची लोणची परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या मागोमाग समुद्रापार गेली. तोही याच जातीचा प्रवास म्हणता येईल.

माणसांच्या मागून गेलेल्या लोणच्याने परक्या बाजारात पाय रोवल्याचे एक ठळक उदाहरण लक्ष्मीशंकर पाठक यांचे आहे. हे मूळचे गुजरातचे. तेथून केनियात गेले आणि १९५६ मध्ये तेथूनही उठून सहकुटुंब ब्रिटनला आले. लंडनच्या एका लहान स्वयंपाकघरात त्यांनी मिठाई व समोसे करून विकण्यास सुरुवात केली. पुढे लोणची व मसाले आले. इंग्रजांना उच्चार सोपा जावा म्हणून कुटुंबाच्या नावातील एक अक्षर त्यांनी पाटीवर गाळले. पुढील पन्नास वर्षांत त्या बरण्या इंग्रजी दुकानांच्या फडताळांवर सर्वत्र दिसू लागल्या, आणि २००७ साली ती पेढी एका मोठ्या ब्रिटिश खाद्यकंपनीने विकत घेतली. नाव मात्र कायम ठेवले. किंबहुना विकत घेतले ते नावच.

नावाची किंमत कोरियाने वेळीच ओळखली, असे म्हणावे लागेल. किमची म्हणजे कोबीचे आंबवून केलेले तिखट लोणचे. ते जपानात खपू लागल्यावर तेथील कारखानदार न आंबवता, नुसती आंबट चव लावून तसाच पदार्थ विकू लागले. कोरियाने आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या आयोगाकडे धाव घेतली आणि २००१ साली किमचीची व्याख्या मंजूर करवून घेतली. त्यामुळे आंबविण्याच्या क्रियेला त्या व्याख्येत जागा मिळाली. २०२० च्या अखेरीस चीनने आपल्या ‘पाओत्साय’ या खारवलेल्या भाज्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक मिळविले, तेव्हा कोरियात पुन्हा वादळ उठले. एका लोणच्यावरून दोन राष्ट्रांनी भांडावे याचे आपल्याला हसू येईल. परंतु पिकलिलीची कथा आठवली म्हणजे कोरियाची चिंता समजते. आपले तेलमिठाचे लोणचे २००७ साली त्याच आयोगाने केलेल्या खारवलेल्या फळाभाज्यांच्या सर्वसाधारण मानकात इतर अनेकांबरोबर बसले आहे. त्याची स्वतःची अशी ओळ तेथे नाही.

आता काकडीकडे वळतो. काकडीची मूळ भूमी हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश मानतात; तिची कडू रानटी बहीण आजही तेथे उगवते. येथून ती पश्चिमेकडे गेली, मध्ययुगात युरोपात रुजली, आणि करंगळीएवढी असतानाच खुडून शिरक्यात घालण्याची रीत तिकडे पडली. इंग्रजीत तिला ‘घर्किन’ म्हणतात. थंड देशांत तिचा हंगाम उन्हाळ्यापुरता, आणि खुडण्याला मजूर महाग. म्हणून १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत ती करारशेतीच्या वाटेने कर्नाटकात परत आली आणि पुढे तमिळनाडू, आंध्र व तेलंगणात पसरली. २०२०-२१ या वर्षी भारताने २,२३,५१५ टन घर्किन निर्यात केले. त्याची किंमत २२ कोटी ३० लाख डॉलर होती. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने जाहीर केले की, या मालाचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार भारत झाला आहे. सुमारे ९०,००० लहान शेतकरी ६५,००० एकरांवर हे पीक घेत होते. नव्वद दिवसांचे पीक, एकरी सुमारे ४ टन माल, ८०,००० रुपये उत्पन्न आणि त्यातले निम्मे हाती, असा सरकारी हिशेब होता.

कोरडवाहू मुलखात ही रक्कम लहान नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. बियाणे, खते कंपनी देते आणि भाव आधी ठरतो. टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची पाळी ज्याने अनुभवली आहे, त्याला याचे मोल कळते. परंतु भाव ठरतो तो आकारावर. एका किलोत जितक्या अधिक काकड्या, तितका दर चढा. काकडी तर रातोरात वाढते. म्हणून वेलीवर रोज हात फिरवावा लागतो. एक दिवस पाऊस लागला, घरात कोणी आजारी पडले, की कालची पहिल्या प्रतीची काकडी आज तिसऱ्या प्रतीची होते, आणि फार वाढली तर कंपनी घेतच नाही. मग ती न्यावी कोठे? गावच्या बाजारात घर्किन कोणी विकत घेत नाही. एकच गिऱ्हाईक असलेल्या मालाचा धनी होणे ही काय अवस्था असते, हे नीळ आणि अफू पिकविणाऱ्या आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. तेथे सक्ती होती, येथे ती नाही, हा फरक मोठा आहे. तरी तराजू कोणाच्या हाती, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच पडतो.

खुडलेला माल कारखान्यात जातो. प्रतवारी होऊन त्यातला बराचसा मिठाच्या किंवा शिरक्याच्या पाण्यात पिंपांत भरला जातो आणि बंदराकडे निघतो. पलीकडच्या किनाऱ्यावर पिंपे फुटतात, काकड्या बाटल्यांत भरल्या जातात, आणि बाटलीवर तेथल्या पेढीचे नाव लागते.

तुमकूरकडच्या एखाद्या शेतात पहाटेची खुडणी आटोपून बायका बांधावर न्याहारीला बसतात, तेव्हा डब्यात नाचणीच्या मुद्द्याशेजारी कैरीची फोड असते. तिला त्या ‘उप्पिनकाई’ म्हणतात. कानडीत ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि ‘काई’ म्हणजे कच्चे फळ.