धावत्या लेखणीचे खिळे

मार्कंड्याच्या देवळांपुढे उभे राहिले म्हणजे प्रथम जाणवतो तो छिन्नीचा धीर. वैनगंगा येथे उत्तरवाहिनी होते. तिच्या काठच्या त्या शिल्पांत घाई कोठेच दिसत नाही. आमचा आजचा विषय मात्र याच मुलखात वावरलेली, पण घाईतूनच डौल लाभलेली मोडी लिपी आणि तिचे छापखान्यातील खिळे हा आहे.

१७५१ च्या सुमारास चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. त्या दरबाराचे कागद मोडीत लिहिले जात. कारकून आधी ओळभर रेघ ओढी आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. ऱ्हस्वदीर्घाचा काटेकोरपणा नसे. वळण मात्र घोटीव असे.

ही लिपी खिळ्यांत उतरली ती दूर बंगालमध्ये. विल्यम केरी याने १८१० साली तेथील श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी कोश काढला व त्यातील मराठी शब्द मोडीत छापले. नित्याच्या व्यवहाराची लिपी हीच, हे त्याने ओळखले होते. रघूजी भोसल्यांची वंशावळही तेथूनच मोडीत निघाली.

परंतु शिशाच्या खिळ्याला धावता येत नाही. हाताने लिहिताना काना, वेलांटी मूळ अक्षरात मिसळून जातात. छपाईत अशा प्रत्येक मिलाफासाठी निराळा खिळा ओतावा लागतो. युरोपातही हीच अडचण होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या फिर्मँ दिदो याने हस्ताक्षरी वळणाचे खिळे तिरप्या अंगाचे ओतले, ते अक्षर अक्षराला बिलगावे म्हणून. पुढे असल्या अक्षरांना निमंत्रणपत्रिकांत मानाची जागा मिळाली. मोडीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. छापील मराठी बालबोधात स्थिरावली, आणि हाताचा सराव सुटताच मोडी वाचणारे डोळेही विरळ झाले.

यात दोष बालबोधाचा नाही. तिच्यामुळे वाचन घरोघर पोचले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण किंमतही मोठी पडली. ज्या अक्षरांत आजोबांनी जमिनीचा करार लिहिला, ती नातवाला निव्वळ नक्षी वाटतात!

२०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला. शेजार पाहून रूप बदलणारे अक्षर आता संगणकावर घडविता येते. शिशाला जे साधले नाही, ते येथे साधते. ही अक्षरे मुखपृष्ठांवर व पत्रिकांवर अवश्य मिरवावीत. मात्र शोभेपाशीच थांबलो, तर आमच्या पेट्यांतील कागद मुकेच राहतील. मार्कंड्याची मूर्ती नुसत्या पाहण्यानेही काही सांगते. कागदाला वाचणाराच लागतो. म्हणून आमची विनंती एवढीच की, घरचे एखादे मोडी पान जपून बाहेर काढावे आणि त्यातील पहिली ओळ लावण्यापुरती तरी ही लिपी शिकून घ्यावी.