पोटातल्या सुईची कुळकथा

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. गुडघा बदलून घेतलेल्या माणसाला पोटाच्या कातडीखाली जी बारीक सुई टोचतात, तिच्यातल्या औषधाचं कूळही शाकाहारी घरात न विचारलेलंच बरं. हेपारिन आज बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. मूळ मात्र यकृतात सापडलं, आणि तेही भलतंच काही शोधताना.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक विल्यम हॉवेल रक्त कसं गोठतं याचा अभ्यास करत होते. जे मॅक्लीन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला त्यांनी मेंदूतला रक्त गोठवणारा पदार्थ शुद्ध करायला सांगितलं. मॅक्लीनने मेंदूबरोबर हृदयाचे आणि यकृताचेही अर्क काढले. यकृताचा अर्क जुना होत गेला तशी त्याची गोठवण्याची शक्ती सरली, आणि तो गोठणं उलट लांबवू लागला. मॅक्लीनने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, मांजराच्या रक्तात हा अर्क घालून ते पात्र त्याने सरांच्या टेबलावर ठेवलं आणि गोठलं की सांगा म्हणाला. ते गोठलंच नाही. १९१६ साली त्याचा निबंध छापून आला; १९१८मध्ये हॉवेलनी यकृताच्या ग्रीक नावावरून हेपारिन हे नाव ठेवलं. हॉवेलनी नंतर वेगळ्या रीतीने जे काढलं, ते मॅक्लीनच्या पदार्थाहून निराळंच होतं; आजच्या औषधाचा वंश त्यांच्याकडून येतो. शोधावरचा हक्क मात्र मॅक्लीन उतारवयातही सांगत राहिला. मला त्या भांडणात फारसा रस नाही. औषध सापडणं वेगळं, आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला ते द्यायची छाती होणं वेगळं.

माणसाला टोचण्याइतकं शुद्ध हेपारिन १९३०च्या दशकात टोरांटोत, इन्शुलिनवाल्या चार्ल्स बेस्ट यांच्या चमूने तयार केलं. त्याच दशकात स्वीडनच्या क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी ते शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून देऊन पाहिलं. तरी प्रथा काही रुळली नाही. ताज्या जखमेतून रक्त वाहू लागलं तर? सर्जनची ही भीती खोटी नव्हती.

ती भीती आकड्यांनी कमी केली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या विजय वीर काकर या भारतात जन्मलेल्या सर्जननी. गुठळी झाल्यावर ती आवरायला हेपारिन भरपूर लागतं. पण रक्त गोठण्याची साखळी पहिल्या कड्यांतच अडवली, तर थोडक्यात भागतं. म्हणून ऑपरेशनच्या दोन तास आधी ५,००० युनिट कातडीखाली, आणि पुढे दर आठ तासांनी तेवढंच, असं त्यांनी ठरवलं. १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ४,१२१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. हेपारिन न मिळालेल्या गटात पायातून सुटलेली गुठळी फुप्फुसात अडकून १६ जण दगावले होते, हेपारिनच्या गटात दोन. पोटातल्या सुईचा खरा जन्म मी इथे धरतो.

गुडघा मात्र एवढ्याने वश होईना. नीलेत गुठळी होण्याची तीन कारणं जर्मन वैद्य रुडोल्फ फिरखोव यांच्या नावाने सांगतात: रक्त थबकणं, नीलेची भिंत दुखावणं, रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. गुडघा बदलताना तिन्ही एकत्र येतात. मांडी पट्ट्याने आवळलेली, हाड कापलेलं, पाय निजलेला. मग हेपारिनच्या रेणूच्या लांब साखळीचे तुकडे करून एनॉक्सापारिनसारखी औषधं आली. त्यांचा परिणाम अधिक भरवशाचा आणि टिकाऊ, म्हणून दिवसातून एकदा-दोनदाच टोचून भागतं. सुई पोटात, कारण तिथे कातडीखाली चरबी असते; टोचल्यावर चोळायचं नाही, नाहीतर काळंनिळं पडतं.

डुकराशी नातं नसलेली रिव्हरॉक्साबॅन ही गोळी २००८ साली युरोपात आणि कॅनडात मंजूर झाली, ती आधी खुबा आणि गुडघा बदलणाऱ्यांसाठीच. त्यानंतर स्वस्त ॲस्पिरिननेही या कामात जागा मागितली आहे. २०१८च्या एका मोठ्या चाचणीत पहिले पाच दिवस रिव्हरॉक्साबॅन देऊन पुढे नुसत्या ॲस्पिरिनवर भागलं.

आणि गुडघ्यावर दुर्बिणीतून केलेल्या छोट्या ऑपरेशनला? २०१७ साली नेदरलँड्समध्ये सुमारे १,५०० जणांवर तपासलं, तर आठ दिवस सुई घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. तिथे सरसकट सगळ्यांना सुई टोचायचं काही कारण उरत नाही.