खाटेखालची बाटली

छातीत चाकू लागलेला पेशंट कॅज्युअल्टीत येतो. एक्स-रे निघतो, सोनोग्राफीचा प्रोब फासळ्यांवरून फिरतो. फुप्फुसाभोवती रक्त किंवा हवा दिसली की डॉक्टर म्हणतात, ‘आयसीडी टाका.’ श्वास कोंडून जीवच चालला असेल, तर एक्स-रेचीही वाट पाहत नाहीत. आयसीडी म्हणजे छातीतून निचरा करणारी नळी. काखेखाली फासळ्यांमधून ती आत जाते. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, दोनेक सेंटिमीटर पाण्याखाली.

एवढ्याशा पाण्यामागे जुना पेच आहे. श्वास घेताना छाती हवा ओढते, भोक असेल तर भोकातूनही. जखम उघडी ठेवली तर फुप्फुस मिटतं, शिवली तर रक्त आतच साठतं. द्वंद्वयुद्धांच्या काळात फ्रान्समध्ये जखमेला तोंड लावून रक्त चोखणारे लोक असत. माणसाचं तोंड न लावता हे काम पिचकारीने कसं करावं, यावर दोमिनिक आनेल या शल्यवैद्याने 1707 मध्ये पुस्तकच लिहिलं. पुढे नेपोलियनच्या सैन्यातल्या लारेने उघड्या जखमा बंद करायला सुरुवात केली. श्वास सुधारला, पण साठलेल्या रक्ताचं काय?

उत्तर आलं ते पुवाच्या निमित्ताने. हॅम्बुर्गचे डॉक्टर गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी छातीतला पू काढायला रबरी नळी घातली आणि तिचं टोक द्रवाच्या बाटलीत बुडवलं. पू खाली उतरे, हवा मात्र वर चढू शकत नसे. 1891 मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. जर्मन डॉक्टर अजूनही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात.

तरी छाती उघडून पू काढण्याची सवय सुटली नाही. 1918 मध्ये अमेरिकी लष्करी छावण्यांत अशा रुग्णांपैकी सरासरी तीस टक्के दगावत होते. एव्हार्ट्स ग्रॅहम यांच्या समितीने सांगितलं, घाईने छाती उघडू नका, आधी बंद नळी वापरा. मृत्यू झपाट्याने घटले. कोरियन युद्धापासून हीच नळी छातीच्या ताज्या जखमांवरही सर्रास वापरात आली.

आज छातीतल्या बहुतेक भोसक जखमांचं काम नळीवरच भागतं. एकदम दीड लिटर रक्त आलं, तर मात्र थिएटर गाठावं लागतं. एरवी सिस्टर वाकून एवढंच बघते, श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतंय ना? ते थांबलं तर नळी तुंबली असेल, नाहीतर फुप्फुस पूर्ण फुललं असेल. मग पुन्हा एक्स-रे.