यादीत नाव कोणी घालायचे?

शाळेच्या ग्रंथालयात नवे पुस्तक आले की ग्रंथपाल ते आधी नोंदवहीत चढवतात, विषय पाहून त्याला क्रमांक देतात आणि मगच ते कपाटात जाते. हे काम राहून गेले तर पुस्तक ग्रंथालयात असूनही वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच. इंटरनेटवरील संकेतस्थळांचेही असेच आहे. संकेतस्थळ तयार करणे आणि ते लोकांना सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक इतकाच की या अवाढव्य ग्रंथालयात ग्रंथपाल नेमलेलाच नव्हता. मग नोंद कोण करणार? कोणाला यादीत घ्यायचे आणि कोणाला वरचे स्थान द्यायचे, हे कोण ठरवणार? गेल्या तीन दशकांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली. ती कोणती आणि प्रत्येक उत्तर कुठे अपुरे पडले, ते आपण पाहू या.

पत्र पाठवा, नाव घालतो

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब घडवले आणि १९९१ मध्ये ते प्रयोगशाळेबाहेरच्या लोकांसाठी खुले झाले. सुरुवातीला उपलब्ध सर्व्हरांची यादी खुद्द बर्नर्स-लीच ठेवत. कोणी नवा सर्व्हर सुरू केला की ई-मेलने कळवायचे आणि यादीत एक ओळ वाढायची. परंतु ही पद्धत फार दिवस चालणे शक्य नव्हते. मॅथ्यू ग्रे या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ मध्ये संकेतस्थळे मोजणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या मोजणीत जून १९९३ मध्ये १३० संकेतस्थळे होती; १९९४ च्या अखेरीस ती दहा हजारांवर गेली.

१९९३ मध्येच मार्टाइन कोस्टर यांनी ‘अलीवेब’ नावाची योजना मांडली. प्रत्येकाने आपल्या संकेतस्थळाची माहिती ठरावीक नमुन्यात स्वतःच लिहून ठेवायची आणि अलीवेबने ती गोळा करायची, म्हणजे प्रत्येक लेखकाने आपल्या पुस्तकाचे सूचीपत्र आपणच लिहून द्यायचे. कल्पना चांगली होती, पण हे पत्र लिहिण्याचे कष्ट थोड्यांनीच घेतले.

चौदा कप्पे

१९९४ च्या आरंभी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची विषयवार यादी करायला सुरुवात केली. तीच पुढे ‘याहू’ झाली. १९९५ मध्ये याहूची कंपनी झाली आणि वर्गीकरणाची जबाबदारी श्रीनिजा श्रीनिवासन यांच्याकडे आली. कला, शिक्षण, आरोग्य, विज्ञान, प्रदेश असे चौदा मुख्य विभाग आणि त्यांच्या पोटात उपविभाग, अशी ती रचना होती.

येथे नाव नोंदवायचे तर आधी योग्य उपविभाग शोधावा लागे. तिथे अर्जात संकेतस्थळाचे नाव, पत्ता आणि एक-दोन ओळींचे वर्णन भरायचे. मग याहूचा कर्मचारी प्रत्यक्ष ते संकेतस्थळ पाही आणि ते घ्यायचे की नाही हे ठरवी. वर्णनात ‘सर्वोत्तम’, ‘अद्वितीय’ असली विशेषणे असतील तर त्यांना कात्री लागे. उपविभागातील यादी वर्णक्रमाने असल्यामुळे, टेलिफोन डिरेक्टरीत आधी यावे म्हणून दुकानदार दुकानाचे जसे नाव ठेवतात, तशी नावे संकेतस्थळांनाही दिली जाऊ लागली. यादीचा नियम कळला की माणूस नियमाप्रमाणे वेष बदलतो, याचे हे पहिले उदाहरण.

दुसरी अडचण ग्रंथपालांना जुनी परिचयाची आहे. आयुर्वेदावरचे संकेतस्थळ कुठे ठेवायचे? आरोग्यात, भारतात की इतिहासात? एकच पुस्तक अनेक अंगांनी पाहता येते, या विचारावर एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती उभारली होती. संगणकावर एकच नोंद अनेक कप्प्यांत ठेवता येते, ही सोय खरी. पण कोणत्या कप्प्यांत, हे माणसालाच ठरवावे लागे. माणसे मोजकी आणि अर्ज अगणित. उत्तरासाठी आठवडे, महिने थांबावे लागे, आणि कित्येकांना ते कधीच मिळाले नाही.

मुंबईतही असा प्रयत्न झाला. राजेश जैन यांच्या ‘इंडियावर्ल्ड’ने भारताविषयीच्या संकेतस्थळांसाठी ‘खोज’ ही सूची चालवली. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे या कंपनीने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला, तेव्हा एखाद्या सूचीला केवढे मोल येऊ शकते हे अनेकांच्या ध्यानात आले.

कोळी आणि त्याला फसवणारे

माणूस पुरत नसेल तर यंत्राला कामाला लावावे, हे दुसरे उत्तर. एका पानावरून दुव्यामागून दुवा धरत पुढच्या पानावर जाणारा आणि वाटेतला मजकूर गोळा करणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘कोळी’. १९९४ मध्ये वेबक्रॉलर आणि लायकॉस, तर डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल कंपनीचे अल्टाव्हिस्टा ही शोधयंत्रे अशीच सुरू झाली. इथे कर्मचाऱ्याची संमती लागत नसे. पत्ता कळवला की कोळी येई. ‘आमच्या या कपाटाला हात लावू नका’ असे त्याला सांगण्याचा संकेतही कोस्टर यांनी १९९४ मध्येच सुचवला आणि तो आजही पाळला जातो.

पण यंत्र शब्द मोजते, अर्थ जाणत नाही. पानावर एखादा शब्द अनेकदा आला की ते पान त्या विषयाचे, अशी त्याची ढोबळ समजूत. मग लोक एकच शब्द शेकडो वेळा लिहू लागले, तोही पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे वाचकाला दिसू नये आणि कोळ्याला मात्र मिळावा. पानाच्या विषयाचे शब्द लिहिण्यासाठी ‘मेटा टॅग’ नावाची अदृश्य जागा होती. तिचा इतका दुरुपयोग झाला की क्रम ठरवताना आपण त्या शब्दांकडे पाहतच नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले.

काहींनी तर पत्ते कळवण्याचे कामही प्रोग्रॅमकडे सोपवले आणि अल्टाव्हिस्टाकडे खोट्या नोंदींचा पूर लोटला. १९९७ मध्ये आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक नामी उपाय काढला. पत्ता कळवणाऱ्याला वेड्यावाकड्या अक्षरांचे चित्र दाखवायचे आणि ती अक्षरे ओळखून लिहायला सांगायची. माणसाला हे जमते, त्या काळच्या यंत्राला जमत नसे. छापील अक्षरे यंत्राला कशामुळे वाचता येत नाहीत, याची माहिती स्कॅनरच्या पुस्तिकांत दिलेली असते. नेमके तेच दोष त्यांनी मुद्दाम चित्रात आणले. रेल्वेचे तिकीट काढताना किंवा निकाल पाहताना आपण अशी अक्षरे भरत आलो, त्या युक्तीचा एक उगम यादीत नाव घालण्याच्या या झटापटीत आहे.

पैसे घेणारे आणि फुकट राबणारे

याहूने १९९९ मध्ये १९९ डॉलर घेऊन अर्ज लवकर तपासण्याची सोय केली. पुढे व्यापारी संकेतस्थळांना हे शुल्क सक्तीचे झाले आणि नंतर ते दरवर्षी २९९ डॉलर झाले. हे पैसे तपासणीचे होते, प्रवेशाचे नव्हते. परीक्षा शुल्क भरले म्हणजे उत्तीर्ण होण्याची हमी मिळत नाही, तसेच हे.

याच्या अगदी उलट वाट ‘ओपन डिरेक्टरी’ची. १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी ती सुरू केली आणि त्याच वर्षी ती नेटस्केपकडे गेली. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या आवडीचा विभाग सांभाळायचा आणि तयार झालेली सूची कोणीही फुकट वापरावी, असा तिचा रिवाज. गूगलनेही काही वर्षे हीच सूची आपल्या डिरेक्टरीसाठी वापरली. हजारो स्वयंसेवकांनी मिळून अडतीस लाखांहून अधिक नोंदी केल्या. तरीही अर्ज पडून राहत. एखाद्या धंद्याच्या विभागाचा संपादक त्याच धंद्यातला असेल तर तो प्रतिस्पर्ध्याला आत येऊ देईल का, अशी कुरबुरही होतीच. याहूची सूची डिसेंबर २०१४ मध्ये आणि ओपन डिरेक्टरी मार्च २०१७ मध्ये बंद झाली.

दुवा म्हणजे मत

तिसरे उत्तर लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांचे. त्यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापली. वैज्ञानिक निबंधांचे महत्त्व इतर निबंध त्यांचा किती वेळा उल्लेख करतात यावरून जोखण्याची पद्धत यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात रूढ केली होती. गूगलचा ‘पेजरँक’ त्याच जातीचा आहे. एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा म्हणजे मत. आणि ज्याला स्वतःला वजनदार मते मिळाली आहेत, त्याचे मतही वजनदार.

हे वर्गात करून पाहता येईल. गणित अडले तर कोणाला विचाराल, हे तीन मुलांनी चिठ्ठीवर लिहायचे. अनिताने बाळू आणि चारू यांची नावे लिहिली, बाळूने चारूचे, चारूने अनिताचे. प्रत्येकाला आरंभी १०० गुण द्या. प्रत्येक फेरीत जो तो आपले सगळे गुण त्याने लिहिलेल्या नावांना सारखे वाटून देईल. पहिल्या फेरीनंतर अनिताकडे १००, बाळूकडे ५० आणि चारूकडे १५० गुण होतील. फेऱ्या चालू ठेवा. आकडे हळूहळू १२०, ६० आणि १२० यांच्या जवळ येऊन स्थिरावतील. चारूला दोघांनी निवडले, अनिताला फक्त एकाने. तरी दोघी बरोबरीत, कारण अनिताला निवडणारी चारू स्वतः वजनदार आहे. (प्रत्यक्ष सूत्रात प्रत्येक पानाला थोडा वाटा कायमचा दिलेला असतो.) आता चार मित्रांनी संगनमत करून फक्त एकमेकांची नावे लिहिली तर काय होईल, तेही पाहा. मोठ्या प्रमाणावर नेमके हेच झाले. दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली आणि २०१२ मध्ये गूगलला अशा बनावट दुव्यांविरुद्ध मोठी मोहीम काढावी लागली.

कोणीही येऊन पत्ता कळवावा, ही सोय गूगलने २०१८ मध्ये बंद केली. आता संकेतस्थळाच्या मालकाने आपली मालकी सिद्ध करून पानांची यादी सादर करता येते. कोळी येईलच, आणि आला तर पान सूचीत जाईलच, याची हमी मात्र नाही.

दिसणारे, पण न सापडणारे मराठी

या इतिहासात मराठीचा वेगळाच अनुभव आहे. इंटरनेटवरचा सुरुवातीचा बराचसा मराठी मजकूर खास बनवलेल्या फाँटांत होता. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट असेल तर वाचकाला पडद्यावर शुद्ध मराठी दिसे. पण कोळ्याच्या पदरी रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग पडे. प्रत्येक फाँटचे संकेत निराळे, म्हणून एकच शब्द दोन ठिकाणी दोन प्रकारे साठवला जाई. पान उघडे होते, कोळी येऊन गेला होता, तरी ‘ज्ञानेश्वर’ असे शोधणाऱ्याला ते मिळत नसे. प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला स्वतःचा क्रमांक देणारे युनिकोड १९९१ मध्येच आले होते. ते घरोघरच्या संगणकांत रुळायला मात्र पुढची दहा-पंधरा वर्षे लागली. या मजकुराला कोणी प्रवेश नाकारला नव्हता. सूचीपत्रावरची अक्षरेच यंत्राला वाचता येत नव्हती.

म्हणूनच ‘शोधले, पण मिळाले नाही’ असे विद्यार्थी सांगतो तेव्हा ते नाहीच, असे आपण धरू नये. आणि पहिले आले म्हणून ते खरे, असेही मानू नये. यादी वर्णक्रमाने असो, शब्दांच्या मोजणीने असो की दुव्यांच्या मतांनी, प्रत्येक क्रमामागे कोणीतरी केलेला नियम असतो. तो नियम काय आणि त्याचा फायदा कोण उठवतो, हे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर ग्रंथपाल नसलेल्या या ग्रंथालयातही ती चुकणार नाहीत.